हूक मारल्यावर मनगट पुन्हा पुन्हा का दुखतं: मूठ, कोपर आणि अंतर

बॉक्सिंगच्या सरावात जॅब, म्हणजे पुढे असलेल्या बाजूचा सरळ ठोसा मारला, काही होत नाही. क्रॉस, म्हणजे मागच्या बाजूचा सरळ ठोसा मारला, काही होत नाही. हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने आडवा मारलेला ठोसा, बॅगवर बसला की मनगटात कळ जाते. आठवडाभर विश्रांती घेतली की बरं वाटतं, आणि पुन्हा बॅगसमोर उभं राहिलं की दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला दुखणं परत येतं. मग ग्लव्हच्या आत हाताला गुंडाळायची कापडी पट्टी, म्हणजे रॅप, आणखी घट्ट बांधला जातो, जास्त औंसांचे, म्हणजे जास्त वजनाचे ग्लव्ह घेतले जातात, आणि शेवटी आपलं मनगटच नाजूक आहे अशी समजूत करून घेऊन माणूस हूक मारणंच टाळायला लागतो.

मी या फेऱ्यात कित्येक महिने अडकलो होतो. करंगळीच्या बाजूला, मनगटाचं हाड जिथे वर दिसतं त्याच्या जरा पुढे दुखायचं. रॅप बदलले, ग्लव्ह बदलले, फरक पडला नाही. माझ्या प्रशिक्षकांनी एके दिवशी हूक मारायलाच बंदी केली. म्हणाले, मूठ बॅगला नुसती टेकव, जिथे ठोसा बसतो अगदी तिथे, आणि अंगाचा भार हळूहळू टाक. टाकला. मनगट लगेच एका बाजूला कललं. वेगात जे कधी दिसलं नव्हतं ते तिथे सावकाश, डोळ्यांसमोर घडलं. ही चाचणी तुम्हीही सगळ्यात आधी करा. रॅप आणि ग्लव्ह घालून, हूक बसण्याच्या क्षणाला हात जसा असतो तसा ठेवून, दहा सेकंद भार द्या. मनगट कुठे मुडपतं, मुठीची कोणती बाजू आधी टेकते, कोपर कुठे आहे, हे पाहून ठेवा. पुढचं सगळं त्यावरच चालणार आहे.

मी डावा पाय पुढे ठेवून उभा राहतो, म्हणून इथे डाव्या हूकबद्दल लिहितो. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यांनी बाजू उलट धराव्यात.

ठोसा कुठल्या गाठींवर बसायला हवा

मूठ वळली की वर चार गाठी दिसतात. भार पेलायचा तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींनी. तळहातात बोटांमागे जी लांब हाडं असतात, त्यातली या दोन बोटांची हाडं मनगटाच्या हाडांशी जवळजवळ घट्ट बसलेली असतात. अनामिका आणि करंगळीची हाडं मात्र मुळाशी हलतात. मूठ सैल धरून दुसऱ्या हाताने करंगळीची गाठ खाली दाबून बघा, ती दबेल. तर्जनीची गाठ तशी दबत नाही. धक्का पहिल्या दोन गाठींवर आला तर तो सरळ मनगटातून पुढच्या हाताच्या, म्हणजे मनगट ते कोपर या भागाच्या, हाडांत जातो. करंगळीवर आला तर ते हाड गाठीच्या जरा मागे वाकतं किंवा मोडतं. त्या मोडीला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात, पण रागाच्या भरात भिंतीवर गुद्दा मारणाऱ्या, न शिकलेल्या माणसांत ती जास्त आढळते.

नियमांनाही हेच अपेक्षित आहे. बंद ग्लव्हचा गाठींकडचा भाग लागला तरच ठोसा धरला जातो. ग्लव्हच्या आतल्या बाजूने बसलेली थप्पड धरली जात नाही, उलट ती फाउल ठरते. त्यामुळे हूकमध्ये हाताची ठेवण चुकली की हात दुखतोच, शिवाय गुणही मिळत नाहीत.

तळवा खाली की तळवा स्वतःकडे?

यावर वाद घालणारे कधी थकत नाहीत. एका पद्धतीत ठोसा बसताना तळवा जमिनीकडे असतो आणि अंगठा आपल्या बाजूला. दुसरीत तळवा आपल्या छातीकडे असतो आणि अंगठा वर, हातात कप धरल्यासारखा. एक प्रशिक्षक पहिली शिकवतो, दुसरा दुसरी, आणि शिकणारा दोन्हींची खिचडी करून मनगट दुखवून घेतो.

माझं मत असं की दोन्ही बरोबर आहेत, पण दोघींचा हट्ट वेगवेगळा आहे. तळवा खाली ठेवलात तर कोपर वर उचलावंच लागतं. तळवा स्वतःकडे ठेवलात तर अंतर आणि कोपराचा कोन चुकवून चालत नाही. ज्या पद्धतीचा हट्ट पुरवायला तुम्ही तयार आहात, ती तुमची पद्धत.

याचं कारण मनगटाच्या हालचालीत आहे. मनगट पुढे-मागे, म्हणजे तळव्याकडे आणि हाताच्या पाठीकडे, भरपूर वाकतं, साधारण ७० अंश किंवा त्याहून जास्त. अंगठा-करंगळीच्या बाजूंना ते खूप कमी वाकतं. जिथे सांधा जास्त वाकतो तिथेच तो ठोशाखाली आधी कोसळतो. हूक आडवा फिरतो. तळवा स्वतःकडे असताना मनगटाची ही मोकळी दिशा नेमकी फिरण्याच्या रेषेतच येते, त्यामुळे ठोसा थोडा आधी किंवा थोडा उशिरा बसला, अंतर जरा चुकलं, की मनगट मुडपतं. तळवा खाली असेल तर फिरण्याच्या रेषेत मनगट मुळातच कमी वाकतं, म्हणून अंतराची थोडी चूक खपून जाते. पण आता मोकळी दिशा वर-खाली झाली. कोपर मुठीच्या खाली राहिलं तर पुढचा हात तिरका वर जातो आणि मूठ सपाट बसवायची तर मनगटाला खाली वाकावं लागतं. वाकलेल्या मनगटावर धक्का आला की ते आणखी वाकतं.

मी स्वतः मध्यम अंतरावर तळवा खाली ठेवतो. प्रतिस्पर्धी अगदी अंगाला आला, त्याच्या गार्डच्या, म्हणजे बचावासाठी चेहऱ्यापाशी धरलेल्या हातांच्या, मागून डोकं गाठायचं असलं, की तळवा स्वतःकडे. नव्याने शिकणाऱ्याने दोन्ही करू नयेत. तीन-चार महिने एकच धरावी. मधला कोन, म्हणजे ना धड खाली ना धड आत, हादेखील चालतो आणि पुष्कळांचा हात आपोआप तिथेच येतो. मात्र प्रत्येक ठोशाला तो बदलता कामा नये.

दुखण्याची जागा बघून चूक ओळखा

आता टेकवून पाहिलेली मूठ आठवा आणि नेमकं कुठे दुखतं ते बोटाने दाबून शोधा. 'मनगट दुखतं' एवढं पुरेसं नाही.

मनगटाच्या पाठीवर, म्हणजे घड्याळाची तबकडी असते तिथे दुखत असेल, तर मनगट मुडपतं आहे. याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे हूक या शब्दानेच होणारी फसगत. माणसाला वाटतं आकडा करायचा आहे, आणि तो आकडा मनगटातून करतो. आकडा कोपरात असतो; कोपरापासून गाठींपर्यंत एकच सरळ पट्टी हवी. एक प्रयोग आत्ता बसल्या जागी करा. मनगट पूर्ण आत वाकवा आणि मूठ जितकी घट्ट होईल तितकी आवळा. मूठ आवळतच नाही, बोटांतला जोर निघून जातो. आता मनगट सरळ करून आवळा. वाकलेल्या मनगटाने हूक मारणारा माणूस अर्धवट उघड्या मुठीने मारत असतो, मग त्याला ते जाणवो अथवा न जाणवो. तळवा स्वतःकडे ठेवून लांबून मारणाऱ्यांनाही याच जागी दुखतं: हात उघडला की ग्लव्हची आतली बाजू आधी लागते आणि मनगट मागे फेकलं जातं.

करंगळीच्या गाठीवर दुखत असेल, किंवा गाठ लाल होत असेल, तर कोपर खाली आहे आणि तळवा स्वतःकडे. पुढचा हात तिरका वर चालला की मुठीची खालची कड पुढे येते, आणि खालच्या कडेला करंगळी असते. इथे मुठीत काहीही बदलू नका. कोपर मुठीच्या उंचीला आणा, तर्जनीची गाठ आपोआप पुढे येईल.

माझं दुखणं होतं मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला. गाठीवर नाही, सांध्यात. हे दोन्ही एकच समजले जातात आणि मग उपाय चुकतो. माझा तळवा खाली होता, कोपरही बरोबर वर होतं, पण मी फार लांबून मारत होतो. हात कोपरात ९० अंशांवरून उघडत उघडत १२०-१३० पर्यंत जायचा, अंगठ्याची बाजू आधी लागायची, आणि धक्का सगळा हात करंगळीकडे ढकलायचा. त्या बाजूला मनगटात एक लहानशी कूर्चेची गादी असते, ती दरवेळी चिरडली जायची. रॅप घट्ट केल्याने याला कणभरही आराम मिळत नव्हता, आणि मिळणारही नव्हता. एक पाऊल जवळ सरकलो, तेव्हा थांबलं.

अंगठा दुखत असेल तर कारण बहुतेक वेळा हेच असतं, लांबून उघड्या हाताने मारणं. त्यात अंगठा बाहेर राहिला असेल तर तो मागे खेचला जाऊन मुळाशी असलेला बंध ताणला जातो, कधी तुटतो. अंगठा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरांवर आडवा टेकलेला हवा. मुठीच्या आत कधीच नको.

कोपर

कोपर बरोबर असेल तर मूठ बिघडवायला वेगळा प्रयत्न करावा लागेल. म्हणून मी हूक शिकवताना मुठीबद्दल पहिल्या दिवशी बोलतच नाही.

गार्डमध्ये उभे राहा. डावं कोपर बरगड्यांपाशी आहे. आता मूठ जागेवर ठेवून फक्त कोपर बाजूला वर उचला, मुठीच्या उंचीपर्यंत. पुढचा हात जमिनीला समांतर झाला, कोपरात साधारण काटकोन आहे. हात एवढंच करतो. इथून पुढे हात हलत नाही, अंग फिरतं. पुढच्या पायाच्या चवड्यावर टाच बाहेर फिरते, कंबर फिरते, छाती फिरते, आणि मूठ अंगाबरोबर आडवी जाते. दरवाजा बिजागरीवर फिरतो तेव्हा त्याची कडी वेगळी धावत नाही, तसं.

नवा माणूस याच्या उलट करतो. आधी हात मागे नेतो, मग झोकून देतो. हात मागे गेला की कोपर खांद्याच्या मागे राहतं, अंग पुढे निघून जातं, हात मागून ओढला जातो, आणि मूठ पोहोचते तेव्हा ती कुठल्या कोनात असेल ते नशिबावर. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर हे तपासा. कोपर खांद्याच्याही वर उचललं जात असेल तरी खांदा कुरकुरतो. मुठीइतकं वर पुरे.

हेवीवेट बॉक्सर जो फ्रेझियरचा डावा हूक आठवतो का? ८ मार्च १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, पंधराव्या राउंडला, याच ठोशाने त्याने मुहम्मद अलीला खाली पाडलं. लहानपणी त्याच्या डाव्या हाताला दुखापत झाली होती आणि तो हात पुढे कधी पूर्ण सरळ झाला नाही. त्याच्या चित्रफिती बघताना मूठ सोडा, कोपर बघा. कोन जवळपास मोडत नाही आणि ठोशात अख्खं शरीर असतं. तो कोन जुन्या दुखापतीची देणगी होता असं मला वाटतं; आपल्याला तो सरावाने कमवावा लागतो.

पोटातला हूक मारतानाही नियम तोच. मूठ खाली नेण्यासाठी फक्त मूठ झुकवू नका, गुडघे वाकवा. मूठ आणि कोपर एकत्र खाली जायला हवेत. इथे तळवा स्वतःकडे किंवा मधल्या कोनात ठेवणं बहुतेकांना सोयीचं पडतं.

अंतर, आणि बॅगचा फसवेपणा

जॅबच्या अंतरावरून हूक मारू नका. गार्डमध्ये उभे राहून कोपर काटकोनात ठेवा आणि फिरा. मूठ जिथे आपल्या नाकासमोर येते तिथे लक्ष्य हवं. आधी जिथे टेकत होती त्यापेक्षा ते अंतर इतकं कमी असतं की सुरुवातीला गुदमरल्यासारखं वाटतं. मला तर आपण बॅगला मिठी मारतोय असं वाटायचं. लांबचा हूक असतोच, अंगठा आणखी खाली वळवून मारतात, पण मनगट दुखत असताना त्याच्या वाटेला जाऊ नये.

बॅग गोल असते हेही लक्षात घ्या. आपण समोर मध्यभागी नजर ठेवतो आणि हूक तिथेच मारतो. आडवा येणारा ठोसा समोरच्या गोलाईवर घसरतो आणि घसरताना मनगट पिळतो. हूक बॅगच्या बाजूला बसला पाहिजे. मी खडूने किंवा चिकटपट्टीने बॅगच्या बाजूला हनुवटीच्या उंचीवर एक खूण करतो. झुलणाऱ्या बॅगवरही सांभाळा: ती अंगावर येत असताना मारलं तर अंतर क्षणात कमी होतं आणि मूठ भलत्याच जागी लागते. मनगट बरं होत असताना कुणाला तरी बॅग धरायला सांगा.

रॅपबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ४.५ मीटर लांबीचा घ्या, मनगटावर तीन-चार वेढे, गाठींवर तीन-चार, बोटांच्या मधून आणि अंगठ्याभोवती, शेवट पुन्हा मनगटावर. बांधताना मनगट सरळ आणि बोटं पसरलेली हवीत; वाकलेल्या मनगटावर बांधलेला रॅप ते वाकलेलंच धरून ठेवतो. रॅप आधार देतो, कोन सुधारत नाही.

मूठ कधी आवळायची? पोहोचताना. सुरुवातीपासून आवळून ठेवली तर खांदा ताठरतो, ठोसा मंदावतो आणि हात लवकर थकतो. अगदी सैल राहिली तर बोटं उघडतात. हात निघतो तेव्हा मूठ बंद पण सैल, आणि लागण्याच्या किंचित आधी करंगळीपासून आवळत यायचं. करंगळी आणि अनामिका घट्ट झाल्या की मनगट आपोआप पक्कं होतं.

परत मारायला सुरुवात कशी करायची

दुखणं पूर्ण थांबल्याशिवाय बॅगवर हूक नको. जॅब, क्रॉस, पायांचं काम, दोरीवरच्या उड्या सुरू ठेवा. आरशासमोर शॅडो बॉक्सिंगमध्ये, म्हणजे हवेत ठोसे मारण्याच्या सरावात, हूक इतका सावकाश मारा की प्रत्येक टप्पा दिसेल: कोपर वर, चवडा, कंबर, मूठ. दुसरा हात हनुवटीपाशीच. हे रोज तीन राउंड, कंटाळा आला तरी.

मग टेकवून भार द्यायची चाचणी पुन्हा करा. मनगट हललं नाही, पहिल्या दोन गाठी आधी टेकल्या, तर बॅगवर सुरुवात करा. जोर चौथ्या हिश्शाइतका. दहा हूक, थांबा, ग्लव्ह काढून मनगट फिरवून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासा, कारण हे दुखणं पुष्कळदा झोपून उठल्यावरच कळतं. दोन-तीन दिवस काही झालं नाही तर वीस. जोर सगळ्यात शेवटी वाढवा. मी घाई केली होती, आठवड्यातच पूर्ण जोराने मारलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

जुन्या ग्लव्हवरही नजर टाका. चामडं कुठे झिजलंय? पहिल्या दोन गाठींवर झीज असेल तर ठीक. अंगठ्याच्या शिवणीवर किंवा करंगळीच्या कडेला झीज असेल तर तिथे तुमचा हूक लागतो आहे.

डॉक्टरांकडे कधी

काही दुखणी कोन सुधारून बरी होत नाहीत. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी मनगटावर एक खळगा पडतो. तिथे दाबल्यावर दुखत असेल तर लगेच दाखवा. तिथल्या छोट्या हाडाची मोड पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी दिसत नाही, १० ते १४ दिवसांनी पुन्हा काढावा लागतो, आणि दुर्लक्ष झालं तर ते हाड जुळायला फार त्रास देतं. मूठ वळल्यावर एक गाठ आत गेलेली दिसली, एक बोट दुसऱ्यावर चढायला लागलं, गाठीवरची दोरीसारखी शीर (कंडरा) बाजूला सरकून टकटक वाजायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, किंवा सूज दोन-तीन दिवसांत उतरली नाही, तर बॅग बंद. दुखणं मारणाऱ्या गोळ्या घेऊन सराव करू नका. कुठे चुकतंय हे सांगणारी एकमेव गोष्ट तुम्ही बंद करता.

सगळं सुधारल्यावरही कधीतरी दुखणं परत आलं, तर ते बहुतेक राउंडच्या शेवटी येतं. ताजेपणी कोपर वर असतं, अडीच मिनिटांनी खांदा थकतो, कोपर चार बोटं खाली येतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. मोबाइल बाजूला, छातीच्या उंचीवर ठेवून चित्रण करा, पण पहिला राउंड बघत बसू नका. शेवटच्या राउंडची शेवटची तीस सेकंदं बघा. मूठ लागण्याच्या क्षणाला चित्र थांबवा आणि कोपरापासून गाठीपर्यंत पडद्यावर पट्टी धरा.